गरोदरपणाचे पहिले महिने आणि बद्धकोष्ठता

घरातील सून किंवा मुलगी गरोदर राहिली की वडीलधाऱ्या स्त्रिया तिची आवर्जून चौकशी करतात. काय खावेसे वाटते, उलट्या किती होतात, चक्कर येते का, हे सारे विचारले जाते. शौचास साफ होते का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही आणि तीही संकोचाने आपण होऊन सांगत नाही. तीन-तीन, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, पोट फुगते, जेवण जात नाही, आणि जोर करावा तर गर्भाला इजा होईल अशी भीती वाटते. अखेरीस कोणीतरी सांगते म्हणून एरंडेल घेतले जाते किंवा दुकानातून चूर्णाची डबी आणली जाते. काही भगिनी तर लोहाच्या गोळ्यांमुळेच हे होते असे समजून त्या गोळ्या परस्पर बंद करतात. मूळ तक्रार साधी असते, परंतु तिच्यावर केलेले असे उपाय धोक्याचे ठरू शकतात. म्हणून ही तक्रार का उद्भवते, ती घरच्या घरी कशी कमी करावी आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

बद्धकोष्ठता कशास म्हणावे?

रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. तथापि प्रत्येकाच्या शरीराची सवय वेगळी असते. एखाद्या व्यक्तीस दिवसातून दोनदा होते, तर एखादीस एक दिवसाआड होते. मळ मऊ असेल आणि त्रास होत नसेल तर दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी शौचास होणे, मळ कडक व खड्यांसारखा असणे, खूप कुंथावे लागणे, शौचास होऊनही पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत. थोडक्यात, किती दिवसांनी झाले यापेक्षा मळ कसा आहे आणि तो बाहेर पडताना त्रास किती होतो, याकडे लक्ष द्यावे.

असे का होते?

दिवस गेल्यावर स्त्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. सुरुवातीस ते बीजकोशात तयार होते आणि पुढे वार तयार झाल्यावर वारेतून मिळू लागते. गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवणे, ते अवेळी आकुंचन पावू न देणे, हे त्याचे एक महत्त्वाचे काम आहे. परंतु गर्भाशयाचे स्नायू आणि आतड्याचे स्नायू एकाच जातीचे, म्हणजे आपल्या इच्छेवाचून चालणारे आहेत. त्यामुळे गर्भाशय शांत राहते तसे आतडेही संथ होते.

आता आतडे संथ झाल्याने मळ कडक का व्हावा, हे पाहू. अन्न पचून उरलेला पातळ भाग लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात येतो. त्याबरोबर दररोज साधारण एक ते दीड लिटर पाणी येते. मोठे आतडे त्यातील बहुतेक पाणी शोषून घेते आणि थोडेच पाणी मळात शिल्लक राहते. मळ जितका जास्त वेळ आतड्यात राहील तितके पाणी अधिक शोषले जाते आणि मळ अधिक कोरडा होतो. म्हणूनच पोट अजून दिसू लागलेले नसते तेव्हाही, अगदी दुसऱ्या महिन्यापासून, हा त्रास सुरू होऊ शकतो.

याला इतर कारणांची भर पडते. मळमळ आणि उलट्यांमुळे पाणी कमी पिले जाते व जेवण कमी होते. भाजीचा वास नको वाटतो म्हणून नुसता भात, पाव, बिस्किटे किंवा टोस्ट यांवर दिवस काढला जातो. थकव्यामुळे हालचाल कमी होते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी तसेच आम्लपित्तावरील काही औषधांनीही मळ कडक होतो.

आणखी एक कारण आहे, त्याचा उच्चार सहसा होत नाही. चाळीत किंवा वस्तीत सामाईक संडास असतो, सकाळी रांग असते. शेतावर, बांधकामावर किंवा बाजारात काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर आडोसा मिळत नाही. मग लघवीस जावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे आणि शौचाची भावना आली तरी दाबून ठेवायची, अशी सवय लागते. मळ गुदाशयात उतरला की मेंदूला सूचना जाते. ती सूचना वारंवार दाबली की ती हळूहळू मंद होते आणि मळ तेथेच पडून कोरडा होत जातो. अशा भगिनीला केवळ ‘भाज्या खा’ असे सांगून भागत नाही, तिला निवांतपणे जाता येईल अशी वेळ आणि जागाही मिळावी लागते.

कुंथल्याने गर्भ पडतो काय?

ही भीती फार मोठी आहे आणि ती दूर होणे आवश्यक आहे. शौचाच्या वेळी जोर केल्याने निरोगी गर्भ पडत नाही. गर्भाशय ही जाड स्नायूंची भक्कम पिशवी आहे आणि गर्भ तिच्या आत पाण्याच्या वेष्टनात सुरक्षित असतो. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यांपैकी पुष्कळ गर्भपातांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांमधील दोष हे असते. आईने केलेल्या कामाशी, खाण्याशी किंवा कुंथण्याशी त्याचा संबंध नसतो. दुर्दैवाने कोणा भगिनीच्या बाबतीत असे घडले तर ‘तूच काळजी घेतली नाहीस’ असा दोष तिला कोणी देऊ नये.

मात्र सतत कुंथण्याने आईला त्रास होतो, हे खरे आहे. गुदद्वाराच्या शिरा फुगून मूळव्याध होते किंवा कडक मळाने तेथे चीर पडते. मग वेदनेच्या भीतीने ती शौचास जाणेच टाळते आणि बद्धकोष्ठता आणखी वाढते. म्हणून सुरुवातीसच उपाय करणे इष्ट. उपाय करताना एक सूत्र लक्षात ठेवावे : मळ मऊ करावा, आतड्याला चाबूक मारू नये.

पाणी

दिवसभरात ८ ते १० पेले, म्हणजे सुमारे दोन ते अडीच लिटर पाणी व इतर पातळ पदार्थ पोटात जावेत. उन्हाळ्यात आणि उन्हात काम असेल तर त्याहून अधिक. मळमळ होत असेल तर एकदम पेलाभर पाणी पिऊ नये, ते उलटून पडते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. ताजे ताक, लिंबाचे सरबत, कोकम सरबत, भाताची पेज, पातळ वरण, सूप, शहाळ्याचे पाणी हे सारे चालते. चहा-कॉफीचे प्रमाण दिवसाला एक-दोन कपांवर ठेवावे.

सकाळी उठल्यावर कोमट पाणी पिण्याची जुनी पद्धत चांगली आहे. त्यात औषधी गुण शोधण्याचे कारण नाही, रात्रभराच्या खंडानंतर पोटात पाणी जाते आणि आतड्याला जाग येते, इतकेच.

चोथा

धान्य, कडधान्य, भाज्या आणि फळे यांतील जो भाग आपल्याला पचत नाही त्याला चोथा किंवा तंतुमय भाग म्हणतात. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ राहतो, त्याचा आकार वाढतो आणि आतड्याला तो पुढे सरकवणे सोपे जाते. दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा. हे प्रमाण आपल्या रोजच्या जेवणातून मिळू शकते. पुढील आकडे अंदाजे आहेत :

ज्वारी, बाजरी किंवा नाचणीच्या दोन मध्यम भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ) – १० ग्रॅम
मुगाची किंवा मटकीची वाटीभर उसळ (३० ग्रॅम कोरडे कडधान्य) – ४ ते ५ ग्रॅम
एक मध्यम पेरू – ५ ग्रॅम किंवा अधिक
वाटीभर पालेभाजी – ३ ग्रॅम
पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळाचा भात – ३ ग्रॅमपेक्षा कमी

म्हणजे दोन भाकऱ्या, एक वाटी उसळ, एक वाटी पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात २० ग्रॅमच्या पुढे मजल जाते. सकाळची न्याहारी आणि इतर भाज्या धरल्या की गरज भागते. उलट दोन्ही वेळा पांढरा भात आणि मध्ये मैद्याची बिस्किटे खाल्ली तर पोट भरते, पण चोथा जात नाही. भाकरी ही गरिबाची आणि पाव-बिस्किटे सुधारलेल्या घरातली, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकू नये. भेंडी, गवार, घेवडा, माठ, चाकवत, मेथी, शेवग्याच्या शेंगा यांपैकी जे बाजारात स्वस्त असेल ते घ्यावे. पालेभाजी मात्र स्वच्छ धुऊन घ्यावी. रात्री भिजत घातलेल्या आठ-दहा मनुका किंवा दोन सुकी अंजिरे सकाळी खावीत व ते पाणीही प्यावे. संत्रे-मोसंबीचा रस काढण्याऐवजी फोडी खाव्यात, कारण गाळलेल्या रसात चोथा राहत नाही.

पपईबद्दल पुष्कळ शंका विचारली जाते. कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशयाला चाळवणारे पदार्थ असतात, त्यामुळे कच्ची व अर्धीकच्ची पपई टाळावी. पूर्ण पिकलेल्या पपईची एखादी फोड खाण्यास हरकत नाही, मात्र मनात भीती असेल तर पेरू, केळे, चिकू ही फळे आहेतच.

येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी. चोथ्याचे प्रमाण एका दिवसात न वाढविता आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे, नाहीतर वायू धरतो. तसेच चोथा वाढविला आणि पाणी वाढविले नाही तर मळ अधिकच घट्ट होतो. ही दोन्ही कामे बरोबरच करावयाची आहेत.

हालचाल, वेळ आणि बैठक

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर रोज वीस-तीस मिनिटे सावकाश चालावे. ज्या भगिनी दिवसभर शेतात किंवा कामावर राबतात त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही, त्यांना पाणी आणि विसावा हवा असतो. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांनी अधूनमधून उठून चालावे.

जेवण किंवा न्याहारी पोटात गेली की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. ही निसर्गाची योजना आहे, तिचा लाभ घ्यावा. न्याहारीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी, घाई नसेल अशा वेळी, रोज शौचास जाऊन बसावे. झाले नाही तरी जोर करीत बसू नये, दहा मिनिटांत उठावे. काही दिवसांत शरीराला सवय लागते. दिवसात केव्हाही भावना झाली तर ती दाबू नये. उकिडवे बसल्याने मार्ग सरळ होतो. घरी कमोड असेल तर पायांखाली बुटके स्टूल किंवा पाट ठेवून किंचित पुढे वाकून बसावे. तोल जात असेल तर आधाराला धरण्याची सोय करावी.

लोहाच्या गोळ्या बंद करू नका

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयामुळे बाळंतपणातील रक्तस्राव जीवावर बेतू शकतो आणि बाळ कमी वजनाचे होते. बद्धकोष्ठतेसाठी लोहाची गोळी सोडणे म्हणजे लहान त्रासासाठी मोठे संकट ओढवून घेणे होय.

सरकारी कार्यक्रमानुसार पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी आणि चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोह व फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी दिली जाते. फॉलिक ॲसिडने मळ कडक होत नाही. ती गोळी बाळाचा मेंदू व मज्जारज्जू यांच्या वाढीसाठी असते, म्हणून ती कदापि चुकवू नये. लोहाने त्रास होत असेल तर गोळीची वेळ किंवा प्रकार बदलता येतो, याविषयी परिचारिका किंवा डॉक्टरांना विचारावे. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबूपाणी किंवा आवळा यांबरोबर घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. गोळ्या सुरू झाल्यावर मळ काळसर होतो, त्यास घाबरू नये. मात्र मळ डांबरासारखा चिकट व दुर्गंधीयुक्त असेल तर डॉक्टरांस दाखवावे.

औषध घ्यावेच लागले तर

वरील उपाय आठ-दहा दिवस करूनही आराम पडला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. गरोदरपणात प्रथम पसंती अशा औषधांना असते जी रक्तात फारशी शोषली जात नाहीत आणि आतड्यातच आपले काम करतात.

इसबगोलाचा भुसा हा त्यांतील पहिला. तो बियांवरील सालीचा असून पाण्यात फुगतो व मळाला ओलसर ठेवतो. एक-दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी प्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकू नये, घशात किंवा आतड्यात फुगून अडथळा होऊ शकतो. अगदी झोपण्याच्या वेळीही तो घेऊ नये. त्याचा परिणाम एक ते तीन दिवसांत दिसतो. इसबगोल आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

दुसरे औषध लॅक्टुलोज. हे गोड पातळ औषध आतड्यात पाणी ओढून घेते व मळ मऊ करते. यालाही दोन दिवस लागतात आणि सुरुवातीस थोडा वायू होतो. याच पद्धतीने काम करणारी पाण्यात विरघळवून घेण्याची पावडरही डॉक्टर देतात. मात्रा त्यांनीच ठरवावी. मधुमेह असल्यास तसे त्यांना आधी सांगावे.

काय घेऊ नये?

एरंडेल : आपल्याकडे पोट साफ करण्यासाठी आणि कळा सुरू होण्यासाठी, अशा दोन्ही कामी एरंडेल देत असत. त्यामागील कारण आता कळले आहे. २०१२ साली जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की एरंडेलातील रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंना एकाच मार्गाने चेतविते. जे स्नायू शांत राहावेत म्हणून शरीर झटत आहे, त्यांनाच डिवचणारे हे औषध आहे. गरोदरपणात ते घेऊ नये.

सोनामुखी आणि तयार चूर्णे : सोनामुखी आतड्याला चेतवून जुलाब घडविते. डॉक्टर गरज पडल्यास थोडे दिवस तिची गोळी देतात, परंतु ती आपल्या मनाने घेऊ नये. दुकानातील अनेक ‘पोट साफ’ चूर्णांत सोनामुखी असते आणि तिच्याबरोबर काय काय मिसळले आहे याची आपल्याला कल्पना नसते. जुलाब जोरात झाले तर शरीरातील पाणी व क्षार निघून जातात.

लिक्विड पॅराफिन : हे वारंवार घेतल्यास अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत.

साबणाच्या पाण्याचा एनिमा : घरी मुळीच देऊ नये.

मिश्री, तपकीर, तंबाखू : ‘मिश्री लावल्याशिवाय मला होत नाही’ असे सांगणाऱ्या स्त्रिया आपल्या भागात अनेक आहेत. तंबाखूने आतडे हलते खरे, परंतु तीच तंबाखू रक्तातून बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाची वाढ खुंटविते. गरोदरपण ही मिश्री सोडण्याची योग्य वेळ आहे. तिच्या जागी कोमट पाणी, न्याहारी आणि ठरावीक वेळ हे तीन उपाय धरावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रत्येक पोटदुखी बद्धकोष्ठतेची नसते. पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय करीत बसू नये :

१. योनीमार्गे रक्त जाणे किंवा ओटीपोटात कळा येणे.
२. पाळी चुकलेली असताना ओटीपोटाच्या एका बाजूस तीव्र दुखणे, त्याबरोबर चक्कर, घाम किंवा खांद्यात दुखणे. गर्भ नळीत राहिल्यास असे होते आणि त्यात जीवाला धोका असतो.
३. पोट फुगून गच्च होणे, वायूही न सरणे आणि उलट्या होणे.
४. ताप येणे, किंवा उजव्या बाजूस दुखणे वाढत जाणे.
५. शौचावाटे रक्त पडणे. हे बहुधा मूळव्याधीचे असते, पण तपासून घ्यावे.
६. चोवीस तासांत पाण्याचा घोटही पोटात न टिकणे, लघवी फार कमी व गडद होणे.

पहिल्या चार गोष्टींत विलंब न करता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. याखेरीज बद्धकोष्ठतेसोबत फार थकवा, थंडी सहन न होणे, आवाज घोगरा होणे अशी लक्षणे असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइडची कमतरता वेळीच उपचार केल्यास आई व बाळ दोघांच्या हिताचे ठरते.

घरातील इतरांचे कर्तव्य

ही माहिती केवळ गरोदर भगिनीने वाचून भागणार नाही. पाणी भरून ठेवणे, सकाळच्या घाईत तिला दहा निवांत मिनिटे मिळवून देणे, रात्री सामाईक संडासापर्यंत सोबत जाणे, सर्वांच्या मागून उरलेसुरले न जेवता तिला वेळेवर भाकरी-भाजी मिळेल हे पाहणे, ही कामे नवऱ्याची, सासूबाईंची, दिराची आणि नणंदेची आहेत. सासूबाईंनी किंवा आईने ‘पोट साफ होते ना ग?’ एवढे मोकळेपणाने विचारले तरी तिची अर्धी अडचण दूर होईल.

पाळी चुकताच, बारा आठवड्यांच्या आत, जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. वस्तीतील आशाताई त्यासाठी मदत करतात. नोंदणीच्या दिवशी मळमळ, उलट्या यांबरोबर शौचाची तक्रारही नि:संकोचपणे सांगावी. आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींना विनंती की, ज्या माता-भगिनींना वाचता येत नाही त्यांना त्यांनी हा लेख घरी वाचून दाखवावा, आणि कपाटात एरंडेलाची बाटली असेल तर ती गरोदर स्त्रीसाठी नाही, हे समजावून सांगावे.